कुलूप, ढाल आणि अप्पांच्या चपला

माझा मेहुणा बसवराज कुलपाचं चित्र दाखवल्याशिवाय कुणालाही चहा देत नसे.

त्याच्या घरी गेलात की तो आधी पाणी देई, मग पंखा वाढवी आणि मग मोबाइल तुमच्या नाकासमोर धरून विचारी, "हे बघून काय वाटतंय? भीती का आधार? पटकन सांगा. विचार करू नका." तुमचं उत्तर तारखेसकट एका लांबुळक्या वहीत उतरे आणि त्यानंतरच आतून कपबशांचा आवाज येई. दूधवाला, गॅसवाला, लग्नपत्रिका घेऊन आलेले पाहुणे, एवढंच काय, पूजेला आलेले जंगमस्वामी, कुणाचीच सुटका नव्हती. मी तर घरचा जावई. माझ्या नावानं त्या वहीत अकरा पानं आहेत, आणि पहिल्या पानावर लाल शाईत एक सूचना आहे : 'दाजींचं उत्तर धरू नये.'

बसू पुण्याच्या एका कंपनीत होता. कॉम्प्युटरमध्ये, मोबाइलमध्ये चोर शिरू नयेत म्हणून जे सॉफ्टवेअर घालतात, ते ही कंपनी करायची. आतलं यंत्र दुसरे लोक करत. बसूकडं पडद्यावर काय दिसावं ते काम. सगळं ठीक असेल तर कुठलं चित्र, धोका असेल तर कुठलं, आणि 'इथं बोट लावू नका' हे न लिहिता कसं सांगायचं.

"आत काय चाललंय ते माणसाला कधीच कळत नसतं, दाजी," तो म्हणे. "म्हणून त्याच्या घरातली एक वस्तू त्याला दाखवायची. किल्ली, कुलूप, असलं काहीतरी. माणूस वाचत नाही. ओळखतो."

'माणूस वाचत नाही, ओळखतो' हे त्याचं पालुपद. सुनेला सल्ला द्यावा तसं तो ते दर तासाला कुणाला तरी देई. शोभानं दिलेली किराणाची यादी खिशात असूनही मी एकदा साबुदाण्याऐवजी वरई आणली, तेव्हा हेच वाक्य तिला ऐकवून बघितलं. शोभा म्हणजे बसूची थोरली बहीण. तिच्यापुढं ते चाललं नाही.

त्याचं दुसरं वाक्य मला जास्त आवडे. करोनाच्या दिवसांत माझ्या कॉम्प्युटरवर त्याच्याच कंपनीचा संदेश आला, 'एक व्हायरस सापडला. क्वारंटाइन केला आहे.' मी शाळेतला हेडक्लार्क. परिपत्रक आलं की पाळायचं, हा माझा स्वभाव. मी कॉम्प्युटर बंद केला, त्याच्यावर धुतलेला टॉवेल टाकला आणि चौदा दिवस त्या खोलीत कुणाला पाऊल टाकू दिलं नाही. पंधराव्या दिवशी बसूला फोन केला, "आता सॅनिटायझरनं पुसू का नुसतं सुरू करू?"

बसू हसला नाही. तो कधीच हसत नसे. म्हणाला, "चूक तुमची नाही, दाजी. चित्र चुकलंय." आणि सगळा प्रकार लिहून त्यानं पुण्याला कळवला. तिथं म्हणे लोक पोट धरधरून हसले.

ढालीचं त्याला वावडं होतं. सगळ्या कंपन्या पडद्यावर ढाल काढतात. बसू म्हणे, "ढाल कुणाच्या घरात आहे सांगा की! घरात काय लढाई चाललीये?" चाचणी घेतली तेव्हा दूधवाल्याला ती गॅदरिंगमधलं बक्षीस वाटली, शोभाला इस्त्री, आणि मला कासव. लाल शाईची सूचना त्या दिवसापासून.

'फायरवॉल' या शब्दाचा निकाल सासूबाईंनी लावला. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत. माहेर मैंदर्गीचं, कर्नाटकच्या सीमेवरचं. बोलणं निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि शिव्या पूर्ण कानडी. बसूनं तिला समजावलं, की चोर येऊ नये म्हणून कॉम्प्युटरभोवती आगीची भिंत असते. अव्वा शेंगाची चटणी कुटत होती. मुसळ न थांबवता म्हणाली, "भिंतीला आग लागली तर भाईर पळायचं की रे, हुच्चा! आत बसून काय करायचं?" बसूनं ते 'हुच्चा'सकट उतरवून घेतलं. हुच्चा म्हणजे खुळा.

पण त्याला खरा धक्का दिला तो गॅसवाल्या मौलाभाईनं. कुलपाचं चित्र बघून तो क्षणात म्हणाला, "कुलूप म्हंजे घरात कुणी न्हाय. टाकी परत न्यायची."

बसूनं दोन दिवस वहीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या शाळेत आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "दाजी, आम्ही लोकांच्या कॉम्प्युटरवर 'घरात कुणी नाही' अशी पाटी लावून बसलोय. चोराला आणि काय पाहिजे?"

"मग काय लावायचं?"

"घरात कुणीतरी आहे, असं सांगणारं चित्र. ते सापडंना झालंय."

या शोधात त्याचं लग्नही राहिलं. मंद्रूपला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, मुला-मुलीला दोन शब्द बोलायला बाजूला बसवलं, तर यानं मोबाइल काढून कुलूप दाखवलं. मुलगी बिचारी शहाणी होती. म्हणाली, "सासर आठवलं." बसू हरखला. बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "एवढं चांगलं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं!" मुलीच्या वडिलांनी उत्तर विचारलं. त्यांना ते सांगितल्यावर आम्हाला निरोपाचा विडा जरा घाईतच मिळाला.

हे सगळं घडलं सोलापुरात. कारण बसू पुणं सोडून घरी आला होता, आणि घरूनच काम करत होता. कारण अव्वा विसरायला लागली होती.

आधी मीठ, मग वार, मग माणसं. मला ती 'साहेब' म्हणू लागली, तेव्हा मी मनातून थोडा सुखावलो, हे कबूल करतो. घरात मला साहेब म्हणणारं पहिलंच माणूस. पण बसूला ती ओळखेनाशी झाली, तेव्हा गंमत संपली. रात्रंदिवस तिचं करणाऱ्या या मुलाला ती भाडेकरू समजायची. "लई चांगलं पोरगं हाय," मला सांगायची. "ह्याची आई कुटं असती कुणास ठाऊक."

बसू ताटातला घास तिच्यापुढं धरून म्हणे, "असते इथंच."

सगळ्यात अवघड होतं ते तिचं बाहेर पडणं. दोन खोल्या, पुढं शहाबादी फरशीचा कट्टा, आणि लगेच गल्ली. दार उघडं दिसलं की अव्वा निघाली. कधी बाजाराला, कधी मैंदर्गीला, कधी सासऱ्यांना डबा द्यायला गिरणीकडं. सासरे म्हणजे अप्पा. गिरणीतून निवृत्त होऊनच त्यांना वीस वर्षं झाली होती, आणि जाऊन सात. गिरणी तर त्यांच्याही आधी गेली होती. दोनदा अव्वा विजापूर वेशीपर्यंत पोचली. दोनदा ओळखीच्या रिक्षावाल्यानं आणून सोडली. तिसऱ्यांदा कोण आणणार? तेव्हा प्रश्न एवढाच होता. तिला कोंडायचं, का हरवू द्यायचं?

बसूनं एकदाच आतून कुलूप लावलं. अव्वा दार धरून हलवायला लागली, "बागला तगी! बागला तगी!" दार उघडा, दार उघडा. गल्ली गोळा झाली. समोरच्या काकू म्हणाल्या, "व्हय रे बसू, जलम दिला तिलाच कोंडतोस व्हय?" बसूनं कुलूप काढलं ते परत लावलं नाही.

मग त्यानं आपली विद्या लावली. दाराच्या आतल्या बाजूला एक लाल वर्तुळ चिकटवलं. त्यात पांढरा, उभा धरलेला पंजा. थांबा! जगात कुणालाही कळावं असं चित्र. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्या पंजावर विभूतीची तीन बोटं ओढलेली, खाली एक जास्वंद. अव्वानं देवाचा आशीर्वादाचा हात समजून पूजा केली, नमस्कार केला, आणि आशीर्वाद घेऊन ती बाहेर पडली.

मी सुचवलं, "मोठ्या अक्षरात लिहू या, बाहेर जाऊ नये." बसूनं माझ्याकडं फक्त बघितलं. मला माहीत होतं तो काय म्हणणार ते.

शेवटी उत्तर सापडलं ते कपाट आवरताना. अप्पांच्या जुन्या चपला निघाल्या. जाड चामड्याच्या, चालताना करकर वाजणाऱ्या. त्यांना बुरशी आली होती म्हणून बसूनं तेल लावून त्या उंबऱ्याबाहेर कट्ट्यावर ठेवल्या आणि तो कामाला बसला. थोड्या वेळानं अव्वा दाराशी गेली. बसू उठणार, तेवढ्यात ती थबकली. चपला बघितल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला. पावलं न वाजवता माघारी आली आणि या भाडेकरू पोराला ओठावर बोट ठेवून म्हणाली, "अप्पा मलग्यार. मेल्लक माताड."

अप्पा झोपलेत. हळू बोल.

अप्पा गिरणीतली पाळी करून आले की दुपारी झोपायचे. ते झोपेत असताना अव्वानं चाळीस वर्षांत कधी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. उठल्या उठल्या त्यांना चहा लागे.

बसूनं मला बोलावून दाखवलं. कट्ट्यावर दोन चपला, तोंड घराकडं. आत अव्वा निवांत शेंगा फोडत बसलेली. दार सताड उघडं.

"सापडलं, दाजी," तो म्हणाला. "घरात कुणीतरी आहे."

मग म्हणाला, "मला ओळखत नाही, पण चपला ओळखते. चालतंय की."

त्यानंतर तो त्या चपलांची निगा एखाद्या यंत्रासारखी राखू लागला. रोज दुपारी थोड्या हलवून ठेवायच्या, म्हणजे आत्ताच काढल्यासारख्या वाटतात. पावसाळ्यात तळाला चिखल लावायचा. तेल दर रविवारी. हे चित्र त्यानं पुण्यालाही पाठवलं, कुलपाऐवजी घ्या म्हणून. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं म्हणे, की गिऱ्हाइकाच्या पडद्यावर पायताण ठेवायचं का? बसू वाद घालत बसला नाही. त्याचं गिऱ्हाईक आत शेंगा फोडत होतं.

आता माझा पराक्रम सांगायला हवा.

मे महिना होता. अव्वाची औषधं आणायला बसू सात रस्ता चौकात गेला आणि तासभर राखणीला मला बसवून गेला. चपलांचा प्रयोग मला ठाऊक होता. त्या जागच्या हलवायच्या नाहीत, हे पाठ होतं. पण मी पडलो बार्शीचा. माझ्या आईची शिस्त अशी, की वडीलधारं माणूस घरात आलं, की त्याच्या चपलांचं तोंड बाहेर करून ठेवायचं. निघताना त्यांना वळत बसावं लागू नये. लहानपणापासून शेकडो चपला मी अशा फिरवल्यात. माझ्या स्वतःच्या लग्नात, मुंडावळ्या बांधलेल्या असताना, मी मांडवाच्या दारात दोन चपला फिरवल्याचं शोभा अजून सांगते. तर हात गेला. सासऱ्यांच्या चपला, आदरानं, मी तोंड रस्त्याकडं करून नीट ठेवल्या आणि वर्तमानपत्र घेऊन आत बसलो.

डोळा लागला. जागा झालो तेव्हा दारातून ऊन आत आलं होतं. अव्वा नव्हती. तिच्या स्वतःच्या चपला कोपऱ्यात होत्या. कट्ट्यावरच्या अप्पांच्या नव्हत्या.

मी अनवाणीच धावलो. चार पावलांत तळवे भाजले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की तीही अशीच गेली असणार. पानटपरीवाला म्हणाला, "म्हातारी व्हय? चपला छातीशी धरून गेली की गिरणीकडं. हाक मारली, थांबली न्हाय."

गिरणी म्हणजे आता मोकळं रान आणि एक गंजलेलं गेट. तिथल्या राखणदारानं तिला लिंबाखाली खुर्चीवर बसवून तिचे पाय पाण्याच्या बादलीत ठेवले होते. मांडीवर अप्पांच्या चपला. मला बघून तिला हायसं वाटलं. तिच्या लेखी मी गिरणीचा साहेब.

"साहेब, तेवढं ह्यांना बोलवा की," ती म्हणाली. "आज अनवाणी गेलेत. ऊन बघा किती हाय. पाय भाजत्याल त्येंचे."

"बोलावतो," मी म्हणालो.

घरी आणल्यावर बसू तिच्या तळव्यांना मलम लावत बसला. मोठाले फोड आले होते. शोभा आली, तिनं पाय बघितले, आणि मग सगळा उलगडा तिनंच केला. "गिरणीचा भोंगा झाला की अव्वा अप्पांच्या चपलांचं तोंड बाहेर करून ठेवायची. तोंड बाहेर म्हणजे पाळीला निघाले." तिनं माझ्याकडं वळून विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला?" अव्वाला तोंड बाहेर दिसलं, खाटेवर अप्पा नाहीत, आणि चपला तर इथंच. म्हणजे माणूस अनवाणीच गेला.

मी मान खाली घातली. माझ्या तळव्यांनाही एक-दोन फोड होते, पण ते दाखवायची ती वेळ नव्हती.

"बसू, आता कुलूप लाव," शोभा रडत म्हणाली. "नाहीतर मी तिला घेऊन जाते."

"अक्का," बसू मलमाचं बोट तसंच धरून म्हणाला, "कुलूप लावलं की तिला वाटतं आपण परक्या घरात आहोत. चपला दिसल्या की ती स्वतःच्या घरात असते. राहू दे तिला घरात."

मग तो माझ्याकडं बघून म्हणाला, "चूक तुमची नाही, दाजी. चित्र चुकलंय. तोंडाचं मलाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्याचा हात लागला की मोडतंय म्हणजे ते अजून कच्चं आहे."

इतकी वर्षं हे वाक्य मला गमतीचं वाटायचं. त्या दिवशी मी आत मोरीत जाऊन उगीचच तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं शहाबादी फरशीवर पांढऱ्या रंगानं दोन पावलांची बाह्यरेषा काढली, टाचा रस्त्याकडं, तोंड घराकडं. चपला त्या रेषेतच ठेवायच्या. कुणासाठी, ते सांगायला नको. घरात तिला 'दाजीरेषा' म्हणू लागले. मी गेलो की आधी तिकडं बोट दाखवायचे, मग पाणी द्यायचे.

अव्वा परत बाहेर गेली नाही. पुढच्या मार्गशीर्षात ती गेली ती घरातच. आदल्या दिवशी तिनं बसूला विचारलं होतं, "चहा ठेवू का? उठायची वेळ झाली त्येंची." बसू म्हणाला होता, "झोपू दे की थोडं." दार तेव्हाही उघडंच होतं.

फाल्गुनात मी सहज बसूकडं गेलो. त्यानं पाणी दिलं, पंखा वाढवला आणि सरळ चहाचा कप हातात दिला. मी वाट बघितली. मोबाइल निघाला नाही.

"वही कुठाय रे?"

"हाय की आत."

पुण्याहून बोलावणं आलं होतं. काम घरून पुरे झालं, आता ऑफिसला या. शोभाकडून मला ते कळलं होतं. कोपऱ्यात बॅग भरलेली दिसत होती, आणि बॅगेवर धूळ.

"कधी निघतोस?"

"दोनदा निघालो, दाजी. दारापर्यंत येतो. मग चपला दिसतात." त्यानं हसायचा प्रयत्न केला. आयुष्यात पहिल्यांदाच करत होता, त्यामुळं जमला नाही. "अप्पा झोपलेत, असंच वाटतंय बघा. तसं सोडून कसं जायचं?"

मी बाहेर कट्ट्यावर बघितलं. चपला रेषेत होत्या. नुकत्याच तेल लावलेल्या. त्या दिवशी रविवार होता.

तिच्यासाठी मांडलेल्या त्या चपलांनी आता यालाच घरात धरून ठेवलं होतं. वाचून कळणारं सगळं त्याला कळत होतं. पण 'माणूस वाचत नाही, ओळखतो' हे पालुपद त्याचंच होतं.

मी कप खाली ठेवला. उंबऱ्याबाहेर जाऊन वाकलो. गुडघा करकन वाजला. मी चपला उचलल्या आणि तोंड रस्त्याकडं करून, दाजीरेषेच्या बाहेर, आमच्या बार्शीच्या शिस्तीनं नीट जोडून ठेवल्या.

"दाजी, काय करताय?"

"भोंगा झाला रे," मी म्हणालो.

तो दारात उभा राहिला. मग खाली बसला, दोन्ही हात चपलांवर ठेवून त्यानं नमस्कार केला आणि आत जाऊन बॅगेवरची धूळ झटकायला लागला.

सोमवारी तो गेला. दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. चपला मी आत ठेवायला निघालो, तर म्हणाला, "राहू देत."

जाण्याआधी बुक केलेली गॅसची टाकी रद्द करायला मात्र आम्ही विसरलो. नंबर माझा दिलेला. गुरुवारी शाळेत मौलाभाईचा फोन आला.

"साहेब, टाकी आणली हुती. दाराला कुलूप हाय."

"हं."

"पन अप्पांच्या चपला भाईर हायेत की. म्हंजे घरात कुणी हाय का न्हाय? थांबू का जाऊ?"

मधल्या सुट्टीचा गलका चालला होता. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चपलांचं तोंड कुठं आहे, बघ."

"रस्त्याकडं."

"मग जा बाबा," मी म्हणालो. "गेले सगळे."